माहेरच्या नावाची नोंद

ती घटना मला संध्याकाळी आठवते, एकट्यापुरते ताट वाढून घेतो तेव्हा. त्या तपासाबद्दल वर्तमानपत्रात माझे कौतुक छापून आले होते. ते खोटे होते, म्हणून हे लिहितो. नाव कोणाचेच देत नाही.

मी तेव्हा शिरूर-दौंड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्यात संगणक नुकताच आला होता. तळेगाव ढमढेरेजवळच्या वस्तीवरची एक तिशीतली बाई आठवडे बाजाराला गेली ती परत आली नाही. नवऱ्याने येऊन बेपत्ता झाल्याची तक्रार दिली. वर्णन सांगितले : रंग सावळा, साडी हिरवी, डाव्या मनगटावर विंचवाचे गोंदण. माहेरी शिपाई पाठवला. तिचा भाऊ म्हणाला, "हिकडं आलीच न्हाई."

आठवड्याभरात खबऱ्या आला. "साहेब, बाजारात नवरा-बायकोचं लई वाजलं. पोरबाळ न्हाई, हा दुसरी करायच्या नादात हाय. ह्यानंच काटा काढला."

खबर पटण्यासारखी होती. अशा प्रकरणात बहुधा नवराच निघतो, असा माझा अनुभव होता. आणि अनुभव पोलिसाला फार आळशी करतो. मी नवऱ्याला उचलून आणले. अटक दाखवली नाही, ठाणे डायरीत नोंद घेतली नाही. मागच्या खोलीत बसवून ठेवला.

जिल्ह्याहून संगणकासाठी एक फाइल यायची. तिच्यात वेगवेगळी शीट, म्हणजे याद्या, असत : बेपत्ता, बेवारस मृतदेह, सापडलेल्या व्यक्ती. शोध घेतला की संगणक फक्त उघड्या शीटमध्ये बघायचा. आमच्या हवालदारांनी बाईचे नाव टाकले आणि ते हसायला लागले.

"साहेब, आपलीच तक्रार आपल्याला दावतोय. लई हुशार यंत्र हाय! खाली आणखी शीटं हायेत, ती उघडू का?"

"राहू द्या," मी म्हणालो. "उत्तर मागच्या खोलीत बसलंय."

मागच्या खोलीत तो एकच वाक्य बोलत होता, "न्हाई साहेब, मी तिला बोटबी लावलं न्हाई." मी त्याला मारले. मी स्वतः, पट्ट्याने, तळपायांवर. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "व्हय. मीच भीमेत ढकलली."

"कुठून?"

"तुम्ही म्हणाल तिथनं."

हे उत्तर ऐकून कोणताही शहाणा पोलीस थांबला असता. मी माणसे नदीवर धाडली. भोई लोकांनी डोह धुंडाळले. काही मिळाले नाही.

प्रेताशिवाय खून उभा राहत नाही. दुसरीकडे कुठे वाहत जाऊन लागले असेल म्हणून दुपारी, गेलेली वीज आल्यावर, मी संगणकापुढे बसलो. सगळे नदीवर होते. मृतदेहांना नावे नसतात, म्हणून नावाऐवजी 'विंचू' असे टाकले. मृतदेहांच्या शीटमध्ये काही नव्हते. ओघाने पुढचे, सापडलेल्या व्यक्तींचे शीट उघडून तेच टाकले. एक ओळ निघाली. केडगाव स्टेशनवर एकटी बसलेली स्त्री, डाव्या मनगटावर विंचवाचे गोंदण, दौंड तालुक्यातल्या एका आश्रयगृहात ठेवली आहे. तारीख बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची होती. नाव मात्र वेगळे.

मी मागच्या खोलीत गेलो. "बायकोचं माहेरचं नाव काय?"

तो भिंतीला सरकला. "आन् आता ते कशाला, साहेब? सगळं कबूल केलंय की."

"नाव सांग."

त्याने सांगितले. पडद्यावर होते तेच.

लग्नात मुलीचे नाव बदलायची आपल्याकडे रीत. तक्रार सासरच्या नावाने, बाईने सांगितले माहेरचे. माझ्या बायकोचेही नाव असेच बदलले होते. ती वारली तेव्हा तिच्या भावाने तिला जुन्या नावाने हाक मारली. ते नाव मी घरात कधी उच्चारलेही नव्हते.

नवऱ्याला जीपमध्ये घालून आश्रयगृहात गेलो. बाई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. बाजारातून ती माहेरीच गेली होती. भावाने दारातूनच "नांदायला जा" म्हणून परत पाठवले, आणि पुढे लाजेने आम्हाला खोटे सांगितले. सासरी जायचे नव्हते, म्हणून ती स्टेशनवर बसून राहिली.

नवऱ्याला बघून ती उठली. काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या पायांवर गेली.

"अवो, पाय असं का टाकताय? कुणी मारलं?"

मी हाताच्या अंतरावर उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कुणी न्हाई. मळ्यात पडलो."

दोन दिवसांनी बातमी आली : संगणकाच्या साहाय्याने बेपत्ता विवाहितेचा छडा. ते दोघे वस्तीवर परतले. पण त्याने खून कबूल केला होता, हे तोवर गावभर झाले होते. बायको जिवंत आली तरी लोक म्हणत, मनात असल्याबिगर कोण कबूल होतं? कामाला एकमेकांकडे जायची सावड त्याच्याशी कोणी करेना. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावेना. सुगीनंतर दोघे गाव सोडून गेले, असे कानावर आले. मी चावडीवर जाऊन दोन वाक्ये बोललो असतो तर ते मिटले असते. पण त्या दोन वाक्यांत माझी नोकरी होती.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच : तपासात आपण काय शोधायला निघतो, त्यावर काय सापडणार ते ठरते. ते शीट मी प्रेत हवे होते म्हणून उघडले. जिवंत बाई शोधायला ते उघडावे, असे मला एकदाही वाटले नाही.

बाई, हे तुमच्या वाचनात आले, तर त्या दिवशी तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर असे : मी मारले. तुम्हाला नदीत ढकलल्याची कबुली मीच मारून घेतली. तुमच्या नवऱ्याच्या मनात तसे काही नव्हते. कोणी अजून विचारत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा.