बंदुकीचं तेल

मी काही लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण काल दुकानात पाहिलेले वडिलांचे हात डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आप्पा एका बँकेच्या दारात स्वतःची परवान्याची दुनळी बंदूक घेऊन उभे राहायचे. दिवाळीपासून गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने "कळवतो" म्हणून त्यांना घरी बसवलंय. तरी दर रविवारी ते बंदूक पुसतात. काल तेल संपलं.

"काका, खोबरेल न्या की," दुकानदार हसला. "बंदुकीलाही होईल आणि केसांनाही."

"थंडीत थिजतं ते. आणि केस कुठं उरलेत?" म्हणत आप्पांनी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब चिमटीत चोळला, वास घेतला आणि त्याहून पातळ मागितलं.

त्या दारात जिच्यातून एकदाही गोळी सुटली नाही, तिच्यासाठी एवढी पारख. लोखंडाचा गंज तेलाने थांबतो. बोलावणं येईल म्हणून बसून राहिलेल्या माणसाला काय लावायचं, हे कुठल्या दुकानात विचारावं?

आज आप्पा अंगणात नळीतून तेलाची चिंधी ओढत असताना माझ्या मोबाइलवर एजन्सीचा निरोप आला. आता कुठल्याच शाखेला बंदूकवाला गार्ड नको आहे.