अनुमोदक म्हणून माझंच नाव!

मंडळी, आज औशात आमच्या पक्षाची तालुकाध्यक्ष निवडायची बैठक होती. सुरू व्हायच्या आधीच सहीसाठी रजिस्टर माझ्यापुढं आलं. बघते तर ठराव लिहून तयार! आमदारांच्या भाच्याची बिनविरोध निवड, अनुमोदक म्हणून माझं नाव.

मी उठले. म्हणलं, "मी कुणाला अनुमोदन दिलं न्हाई. मतदान घ्या."

जिल्हाध्यक्ष हसले. "ताई, वरून ठरलंय. कशाला वाईटपणा घेता?"

"वरून म्हणजे कुठून? निवडणुकीत दारोदार तर मीच फिरते."

मी माझं नाव खोडलं, शेजारी लिहिलं, "माझा विरोध आहे," आणि सही ठोकली.

आता बिनविरोध कसं म्हणतात तेच बघते. तुमच्या पक्षात ठराव कोण लिहितं हो?