उशिरा तापणारा विळा

आमच्या आबांइतका सावकाश माणूस हट्टा गावाच्या आसपास दुसरा नव्हता, आणि तरी लोक धावत यायचे ते त्यांच्याकडेच. आबा म्हणजे माझे वडील, नाव दगडोबा. धनगराचं घर, साठ-सत्तर मेंढरं आणि त्यांच्या वडिलांकडून आलेली एक विद्या: डाग देण्याची. मेंढरू लंगडलं की डाग, आणि तापात लेकराला आकडी आली तर त्याच्या पोटावर तापल्या विळ्याचा डाग. त्यावर दुसरा इलाजच नाही, असं सगळे मानायचे. मीही मानायचे, कारण माझ्याच बेंबीशेजारी तसा एक डाग आहे. दोन वर्षांची असताना मला आकडी आली, आबांनी डागलं म्हणून तू जगलीस, असं आई सांगायची. मी तो डाग मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात दाखवायचे.

एखादी बाई तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन यायची. त्याचे डोळे फिरलेले, हातपाय झटके देणारे. मागे अर्धी गल्ली. आबा मात्र थंड.

"आधी कुशीवर निजवा त्याला. हे गुंडाळल्यालं समदं काढा. तोंडात चमचा घालू नगा, सरा बाजूला!"

मग ते विळा शोधायचे. तो कधीच जागेवर नसायचा. मग गोवऱ्या काढायच्या, त्या नेमक्या ओल्या. मग फुंकणी घेऊन फुंकत बसायचं. धुरानं सगळ्या गल्लीच्या डोळ्यांना पाणी. विळ्याला लाली चढायच्या आत लेकरू ढिलं पडायचं आणि भोकाड पसरायचं.

"पळाली," आबा म्हणायचे. "इळा पाहूनच पळाली."

लोक धन्य धन्य म्हणत घरी जायचे.

आई त्यांच्यावर करवादायची, "गोवऱ्या कोरड्या जागी ठिवायला काय धाड भरली तुमाला?" मला तर लाजच वाटायची. डाग देणारा म्हणून एवढं नाव, आणि विस्तव पेटवता येत नाही! पळताना मी त्यांना एकदाच पाहिलं. एका पोराची आकडी थांबेचना, तेव्हा विळा भिरकावून आबांनी बैलगाडी जुंपली आणि पोराला वसमतला डॉक्टरकडे नेलं. पोरगं वाचलं. पण गावाला ते काही समजलं नाही. लोक म्हणाले, दगडोबाचा त्या दिवशी हात चालला नाही.

पुढे मला वारंगा गावात दिलं. माझी सासू द्वारकाबाई म्हणजे आबांच्या अगदी उलट. पाहुण्यानं तहान लागली म्हणायच्या आत त्यांचा तांब्या पुढे आलेला असायचा. चाळीस-एक्केचाळीस सालची गोष्ट. माझा संतराम दीड वर्षाचा होता, ताप आलेला, आणि आबा त्याला बघायला आले होते. दुपारी लेकरू माझ्या मांडीवर एकदम ताठ झालं. डोळे वर गेले, हातपाय उडायला लागले. मी किंचाळले.

आबांनी त्याला माझ्या मांडीवरून उचलून कुशीवर निजवलं, अंगावरचं पांघरूण काढलं. तेवढ्यात सासूबाई चुलीपासून आल्या. चूल पेटलेलीच होती, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ होता, आणि त्यांच्या हातात खुरपं होतं, लालबुंद.

"घ्या इवाई. तयार हाय. द्या डाग."

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. विळा हरवायलाही वेळ मिळाला नाही, आणि सरपण तर दुसऱ्याच्या घरचं, चांगलं कोरडं ठणठणीत. मीच ओरडले, हे सांगायला आज लाज वाटते, पण मीच ओरडले, "आबा, बघता काय? द्या लवकर! मरंल माझं लेकरू!"

आबांनी खुरपं घेतलं, दोन पावलं मागे गेले आणि पाण्याच्या बादलीत बुडवलं. चर्रकन आवाज झाला.

"हे काय केलं?" सासूबाई कडाडल्या. "नातू हाय तुमचा!"

"म्हणूनच," आबा म्हणाले. "इहिणबाई, लई लेकरं पाहिली म्या. ही तापाची आकडी येते तशी आपली आपण जाते. लोखंड तापायच्या आधी जाते. न्हाईच गेली, तर गाडी जुंपून डागदर गाठावा. डागानं फकस्त कातडं जळते."

"मंग इतक्या वरसांत इतक्या लेकरांना डागलं ते?"

"एकालाबी न्हाई डागलं. येळ काढला फकस्त." मग आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "एक सोडून. भामे, तुझी आकडी गेलती. तू रडून राहिली होतीस. पर इळा लाल झालता, माझा बाप मागं उभा होता. तापल्यालं लोखंड वाया काहून घालवावं, म्हणून दिला म्या डाग."

मला इतका राग आला की समोर बाप आहे हेही विसरले. तोंड उघडलं, चांगलं फाडफाड बोलणार होते. तेवढ्यात संतरामचं अंग सैल पडलं. त्यानं एक खोल श्वास घेतला, डोळे मिचकावले आणि घर डोक्यावर घेतलं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी त्याला छातीशी धरलं, मुके घेतले. आबा भिंतीशी उभे होते, जवळ यायला भीत होते. साठीचा माणूस, पण चोरी सापडलेल्या पोरासारखा. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी लेकरू त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "एवढं बोललात ना? आता गप बी तुमीच करा."

आबा खाली बसले. त्यांनी संतरामचं झबलं वर केलं, त्या कोऱ्या पोटावरून हात फिरवला आणि हमसून हमसून रडायला लागले.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "आता दोघंबी रडून राहिले! कोणाकोणाला गप करावं माणसानं?" आणि दोघांची तोंडं पुसायला त्यांनी एकच ओलं फडकं आणलं.