वराहाच्या पोटाखालून

अंबाळा तलावाच्या घाटावरून रामटेकच्या गडावर जाणारी जुनी दगडी वाट मी या हिवाळ्यात पहिल्यांदा एकटा चढलो. तीस वर्षं बायको सोबत असायची. तिचं चढणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. घाटावरची सातआठशे वर्षांची देवळं, पंड्यांच्या घरांमधल्या अरुंद गल्ल्या, कमानीतला झिजलेला एकेक दगड, सगळं तिला हात लावून बघायचं असे. "गोटे काई पळून नाई चालले," मी चिडायचो. या खेपेला घाई करणारा मीच थंड पडलो होतो. ती थांबायची तिथे तिथे थांबलो, दगडांना हात लावला. ती काय बघत होती ते मला काही कळलं नाही, आणि विचारायला ती नव्हती.

वर, दरवाजाच्या आधी, मंडपात भलामोठा दगडी वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं. पापी माणूस अडकतो, म्हणतात. ती दरवर्षी निघायची. मी माझ्या ढेरीचं निमित्त सांगून तिचा चष्मा आणि पिशवी धरून उभा राहायचो. "ढेरीले काहून नावं ठेवता? पापाचं बोला ना," ती पलीकडून हसत म्हणायची.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, अंथरुणावरून ती म्हणाली, "अवो, मले एकडाव गडावर घेऊन चला ना."

गांधीबागेत माझं साड्यांचं दुकान. मी म्हणालो, "लग्नसराई सरू दे."

लग्नसराई सरली, पण त्याआधी ती गेली. तिच्या अस्थी घेऊन मी अंबाळ्याला आलो, तलावात सोडल्या आणि खालूनच परत फिरलो. वर जायचं तोंड नव्हतं मला.

यंदा मात्र ठरवून आलो होतो, अडकायलाच. निदान कुणीतरी मला धरलं, एवढं तरी होईल. चष्मा मंडपाशी बसलेल्या फुलवाल्या म्हातारीकडे दिला आणि आत शिरलो. मान तिरपी केली, कोपरं रोवली, आणि सरळ पलीकडे निघालो. कुठे घासलंसुद्धा नाही. ती गेल्यापासून डब्याचं अर्धंमुर्धं खाऊन ढेरी राहिली होती कुठे.

"निंगाले ना बाप्पा. पाप नाई तुमच्यात," म्हातारी चष्मा पुढे करत म्हणाली.

मला तिचा राग आला, वराहाचा त्याहून जास्त. चष्मा मी घेतला नाही. वळलो आणि पुन्हा आत शिरलो.