इमारत पाहायला आलेला माणूस
गुळाचा वास आला, की खामगावची आमची तीन मजली इमारत आठवते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मालकाने ती विकायला काढली होती. खालचे पिंजारी चाचा, मधले मास्तर, वर आम्ही, सगळ्या भाडेकरूंचं ठरलं होतं, की घ्यायला येईल त्याला पाण्यालाही विचारायचं नाही, म्हणजे तो आल्या पावली परत जाईल. भर उन्हात एक जण आला. दारं लागत गेली. धापा टाकत तो आमच्या उंबऱ्याशी टेकला. आई नुसती आतबाहेर करत होती; शेवटी गूळपाणी घेऊन गेलीच. "मानसं चांगले हायेत इथले," म्हणत तो उतरला. आठवड्यात त्याने इमारत घेतली आणि दिवाळीआधी खोल्या सोडा, असा निरोप आला. आईला कोणी बोल लावला नाही. चाचा एवढंच म्हणाले, "भाभी, माह्याच्यानंबी राह्यवलं नसतं." अजूनही दारात अनोळखी माणूस दिसला, की माझा हात गुळाच्या डब्याकडे जातो आणि झाकणावरच थांबतो.