इस्माईलभाऊंची एकुलती एक लेन्स

इस्माईलभाऊंच्या मनगटावर कायम दोन-तीन रबरबँड असायचे. मिठाईच्या पुड्याला लावतात, तसले. त्याचं कारण म्हणजे त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स. एकच लेन्स, जवळचंही घेणारी आणि लांबचंही. पण ती इतकी जड की कॅमेरा गळ्यात सोडला की तिची नळी आपली आपण खाली घसरत यायची. मग भाऊ तिला रबर लावायचे. फोटो काढताना रबर मनगटावर, काम झालं की परत लेन्सवर. खंडाळ्याच्या बड्या बंगल्यांतल्या लग्नात, सुटाबुटातल्या वऱ्हाडासमोर, हा प्रकार! मला तोंड लपवायला जागा मिळायची नाही.

मागच्या महिन्यात भाऊ गेले. आणि औंढ्याच्या बैलगाडा मंडळाची पोरं रोज फोन करून माझा जीव खातायत. "दादा, भाऊंचा फोटो द्या की! घाटावर फ्लेक्स लावायचाय." शर्यतीच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात, आणि त्या घाटावरची एक शर्यत भाऊंनी कधी सोडली नाही. यात्रा तोंडावर आलीय. भाऊंच्या बायकोला, शमीमभाभींनाही, घरात ठेवायला एक फोटो हवाय. त्यांच्याकडे आहे तो आधार कार्डावरचा. "त्यात हे पाकीटमार दिसतात हो," त्या म्हणाल्या. आणि मी, त्यांचा इतक्या वर्षांचा भागीदार, लोणावळ्यात फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस, माझ्याकडे त्यांचा एक धड फोटो सापडू नये? डोकं फिरायची वेळ आली.

लेन्सवरून आमचं रोज वाजायचं. माझ्या पिशवीत तीन लेन्स. जवळची वेगळी, लांबची वेगळी, आणि एक खास चेहऱ्यांसाठी, जिच्यात माणूस लख्ख येतो आणि मागचं सगळं विरघळून जातं. भाऊंच्या लेन्सला यातलं एकही काम धड यायचं नाही. हॉलमध्ये उजेड कमी असला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. लांबचं ओढलं की मऊ. आणि फ्रेमच्या कडेला उभा असलेला माणूस ताणून रुंद व्हायचा. एका व्याह्यांचं पोट त्या लेन्सनं असं काही वाढवलं होतं, की त्यांनी अल्बम घरी न्यायलाच नकार दिला.

"भाऊ, मोठा केला की फाटतो तुमचा फोटो," मी ओरडायचो.

"फाटला तर फाटला. हाये तर खरं," भाऊ म्हणायचे. "न काढलेला फोटू कुठनं दावशील?"

एका नवरीच्या आईनं अल्बम बघून तोंडावर विचारलं, "हे काय धुक्यात काढलेत का?" मी मेल्याहून मेलो. भाऊ शांतपणे म्हणाले, "ताई, खंडाळा हाये. धुकं असायचंच." बाई हसल्या. माणूस असा गोड बोलून सुटायचा आणि रात्र रात्र ते दाणे पुसत बसायचो मी.

पण त्यांचं एक होतं. वराळ्याच्या लग्नात कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ, म्हणजे हे एवढंसं पोर, कधी उठलं, नवरदेवाचा कान पिळून मोकळं कधी झालं, मला कळलंच नाही. मी मान खाली घालून लेन्स बदलत होतो. भाऊ मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या पंगतीजवळ. तिथून त्यांनी तो कान ओढून घेतला होता. नवरदेवाचा डोळा मिटलेला, पोराची जीभ बाहेर. दाणेदार, मऊ, सगळे दोष जागच्या जागी. घरच्यांनी नेमका तोच फ्रेम करून भिंतीवर लावला. माझे लख्ख फोटो पेटीत.

"खाली काय हुडकत हुतास रं, विन्या? चप्पल?" भाऊ दिवसभर विचारत राहिले. असा राग आला होता म्हणून सांगू!

तर फोटो. मी आमच्या सगळ्या लग्नांचे फोटो काढून बसलो. भाऊ माझ्या कितीतरी फोटोंत निघाले. नवरीच्या मागे, सनईवाल्याच्या बाजूला, दारात. सगळीकडे नुसता त्यांच्या चौकडीच्या शर्टाचा धब्बा. माझ्या त्या महागड्या लेन्सनं इमानेइतबारे मागचं सगळं विरघळवून टाकलं होतं, त्यात भाऊही विरघळले होते. जिच्या फोटोंची तारीफ मी लोकांकडून ऐकत आलो, तिला आता खिडकीतून फेकावंसं वाटलं. भाऊंच्या फोटोंत मात्र मी ठायी ठायी होतो. जेवताना, भांडताना, खुर्चीवर पेंगताना. लांबून ओढून घेतलेला. भाऊ स्वतः कुठे असणार? ते कॅमेऱ्यामागे.

मग घाटाची आठवण झाली. एका यात्रेत गाडा जिंकला आणि लोकांनी भंडारा उधळला. नेमका तेव्हाच मी लेन्स काढलेली. पिवळीधमक हळद कॅमेऱ्याच्या थेट पोटात! पुढचे सगळे फोटो पिवळ्या ठिपक्यांचे. मी तिथंच शिव्या घालत उभा. भाऊंनी गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला.

"धर. बारी सुटंल आता. तुजं मी बगतो."

बारी म्हणजे बैलांची धाव. ती सुटली आणि मी, दात ओठ खात, भाऊंच्या त्या घसरगुंडी लेन्सवर फोटो काढत सुटलो. ते फोटो मी परत उघडूनही बघितले नव्हते. काल बघितले. एकात बैल उधळलेत, आणि डाव्या कडेला, बांबूच्या कठड्यावर, भाऊ. मांडीवर माझा कॅमेरा, हातात धूळ उडवायचा रबरी फुगा, मनगटावर रबर, तोंड भंडाऱ्यानं पिवळं. माझ्याकडे बघून ओरडतायत. काय ओरडले तेही आठवलं: "आरं, माज्याकडं काय बगतोस, बैल बग!"

कडेला असल्यामुळे चेहरा जरा ताणलाय. भाभींना पाठवला. लगेच फोन आला. "कान मोठा आलाय ह्यांचा," त्या म्हणाल्या. "पण हेच. हाच लावा."

आज फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्यानं तेवढा तुकडा कापून स्क्रीनवर मोठा केला आणि नाक मुरडलं. "दादा, एवढा केला तर फाटतोय फोटो. दुसरा नाही का एखादा चांगला?"

"फाटला तर फाटला," मी म्हणालो. "हाये तर खरं."

आणि त्या परक्या माणसासमोर मला रडू फुटलं.