नकाशावरची रिकामी जागा

मुलांनो, आपल्या कोकणातल्या गावाचं आता शहर होतंय. त्याचा नवा आराखडा मतासाठी तुमच्याकडेही येईल, म्हणून हे आताच लिहिते.

मागचा आराखडा गावात नव्हे, लालबागला आमच्या मुंबईकर मंडळाच्या खोलीत ठरला. नकाशा मी काढला होता. देवळाजवळच्या मैदानावर मी सुवाच्य अक्षरांत ‘रिकामी जागा’ असं लिहिलं आणि तिथे एसटी स्टँड दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी नणंद औषधोपचारासाठी गावाहून आली होती आणि मागे बसून ऐकत होती.

“वयनी, तुमी गणपतीक येतास नि मे म्हयन्यात येतास,” ती म्हणाली. “मगे दिवाळीत आमी भात खंय झोडूचां? तुमच्या गॅलरीत?”

सगळे हसले. दिवाळीत मी गावी कधी गेले होते, ते मात्र मला आठवेना. मी ते दोन शब्द खोडले आणि स्टँड नाक्यापलीकडे नेला.

आता गावात तीनमजली इमारती आहेत आणि शेती थोड्याच घरांकडे उरली आहे. ती घरं अजून त्याच मैदानावर भात झोडतात.